भिवराची भट्टी

नदीवर तेव्हा पूल नव्हता आणि पळसखोरीला जायची वाट पाण्यातूनच होती. आज गावात जी सगळ्यात म्हातारी बाई आहे, तिच्या आजीची आजीसुद्धा तेव्हा पाळण्यात यायची होती. इतकी जुनी ही हकिकत.

तेव्हा पळसखोरीत रंगाऱ्यांची अकरा घरं होती. लाकडी ठशांनी कापड छापायचं हे त्यांचं काम. ते लुगडी छापायचे, जाजमं छापायचे आणि वर्षातून एकदा डोंगराईचा चांदवा छापायचे. डोंगराई म्हणजे गावामागच्या डोंगरावरची देवी. चैत्राच्या पौर्णिमेला तिच्या डोक्यावर नवा चांदवा बांधायचा आणि जुना उतरवायचा. चांदवा नऊ हात लांब, नऊ हात रुंद. त्यात खोट राहिली तर देवी वर्षभर उन्हात बसते, असं म्हणतात. आणि देवीच उन्हात बसली तर गावानं सावलीत बसायचं कोणत्या तोंडानं?

भिवरा काही रंगाऱ्यांची नव्हती. धनगराची पोर ती. एका उन्हाळ्यात बापाबरोबर मेंढरं घेऊन नदीकाठी उतरली होती. त्या दिवशी ठकूबाई रंगारीण भट्टीवर कापड उकळत होती. ठकूबाई अकराही घरांत थोरली. तिच्या शब्दापुढं जायची कुणाची टाप नव्हती. भिवरानं पाहिलं, हंड्यात गेलं ते मळकट पिवळं कापड, आणि काठीवर उचलून बाहेर आलं ते लाल फुलांनी भरलेलं. पोरगी तिथंच बसली. कळप हलला, ही हलली नाही. बापानं हाका मारल्या, मग समजावलं, मग शिव्या दिल्या, आणि शेवटी ‘पुढच्या वर्साला येतो’ म्हणून मेंढरांमागं निघून गेला. पुढच्या वर्षी तो आला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. म्हणजे भिवराला आता जायचं म्हटलं तरी जायला घर नव्हतं.

शिकायचं म्हणजे आधी ओल्या वाळूवर. ठसा सरळ ठेवायचा, मुठीनं एकदाच ठोकायचा, सरळ उचलायचा. कड हलली की वाळू पुसायची आणि पुन्हा. पहिले सहा महिने भिवराची फुलं दारू प्यायल्यासारखी एकमेकांच्या अंगावर पडायची आणि सगळी आळी हसायची. पण पोरगी चिवट. दुसऱ्या वर्षी ती फाटक्या कापडावर आली. आणि तिसऱ्या वर्षी ठकूबाईनं तिला थेट चांदव्यावर बसवलं.

गावात कुजबुज झाली. सात वर्षं हात बसल्याशिवाय चांदव्याला कुणी शिवत नसे. शिवाय नियम कडक होता: ज्याच्या हातून चांदवा बिघडेल त्याचा ठसा काढून घ्यायचा आणि त्याला नदीपलीकडं धाडायचं. दोन वर्षांपूर्वी कोंडिबा रंगारी असाच गेला होता. चांगला तिशीतला, हाताचा पक्का गडी. पण किनारीची वेल एका कोपऱ्यात तिरकी पडली, आणि कोंडिबा पलीकडच्या गावात विटा वाहू लागला. जन्माच्या रंगाऱ्याची ही गत, मग धनगराच्या पोरीची काय होणार? भिवरा रोज सकाळी ठसा हातात घ्यायची तेव्हा आधी नदीपलीकडं बघायची.

आता छापण्यातली एक गोम सांगायला हवी. लाल रंग ठशानं लावत नाहीत. कोरं कापड आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, त्यानं ते पिवळं होतं. चिंचोक्याच्या खळीत तुरटी कालवतात आणि ती ठशानं लावतात. तुरटीला रंग नसतो. कुठं छापलं ते दिसावं म्हणून तिच्यात चिमूटभर गेरू टाकतात. गेरू धुतला जातो, तुरटी राहते, आणि मंजिष्ठेच्या मुळ्यांबरोबर कापड उकळलं की जिथं तुरटी तिथं लाल उठतो. काळ्या रेघेसाठी मात्र गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात कुजवतात. या दोघांचं वैर आहे. तुरटीत लोखंडाचा अंश गेला की लाल मरतो, जुन्या जखमेच्या खपलीसारखा काळपट होतो. म्हणून तुरटीचं परळ मातीचं आणि चाटू लाकडी. आणि चूक झालीच, तर ती भट्टी पेटल्यावरच कळते.

त्या वर्षी पौर्णिमेला तीन दिवस होते. आठ दिवस खपून चांदवा छापून झाला होता, वाळला होता. भट्टी रचली होती. मंजिष्ठेची मुळी हंड्यात पडली होती. सगळं गाव नदीकाठी जमलं होतं आणि ठकूबाईनं पेटती गोवरी मागितली होती. भिवरानं घाम पुसायला कमरेला खोचलेला पदर ओढला, आणि ती तो तसाच तोंडासमोर धरून राहिली.

पदर हिरड्याच्या पाण्यानं पिवळा झालेला होता, आणि त्यावर तळहाताएवढा काळाकुट्ट डाग होता.

हिरड्यावर काळं एकच गोष्ट उठवते, लोखंड. तिला लख्ख आठवलं. छापायला बसायच्या पहिल्या दिवशी तुरटी कालवताना लाकडी चाटू सापडेना. ठकूबाई तर ‘आवर, ऊन चढलं’ म्हणून ओरडत होती. भिवरानं समोरची लोखंडी पळी उचलली, पदराला पुसली आणि परळात फिरवली. एवढंच. त्याच परळातून सगळा चांदवा छापला होता. वरून गेरू असल्यामुळं कुणाला काही दिसत नव्हतं.

कुणाला काही दिसत नव्हतं! भिवराला वाटलं, गप्प बसावं. संध्याकाळी कापड काळं निघेल तेव्हा म्हणावं, मंजिष्ठाच जुनी होती, पाणीच खारट होतं. कोण ओळखणार? तिनं डाग मुठीत दाबला. गोवरी जवळ आली. तिनं मूठ आणखी आवळली. डोळ्यांपुढं रिकामं माळरान आलं, ज्यावर कुणाचा कळप नव्हता. ठकूबाईचा हात भट्टीच्या तोंडाशी गेला.

"आजे, थांब! पेटवू नगं."

"का गं? काय झालं?"

"माज्या हातनं खोट झाली. चाटू घावला न्हाई म्हून म्या लोखंडाची पळी घातली तुरटीत. सगळा चांदवा नासला."

असं म्हणतात, की त्या क्षणी नदीच्या पाण्याचाही आवाज थांबला होता. मग एकदम कल्लोळ उठला. कुणी म्हणालं, हाकला तिला. कुणी म्हणालं, परक्याच्या पोरीला बसवलंच कशाला. ठकूबाईनं हात वर केला.

"पदर दे हिकडं."

भिवरानं पदर तिच्या हातात दिला. ठकूबाईनं तो चाचपला, नाकाशी नेला, उन्हाकडं धरला.

"कुठंय डाग?" ती म्हणाली.

डाग तिच्या बोटांखालीच होता. साऱ्या गावाला दिसत होता. आणि मग साऱ्या गावाला दुसरंही काही दिसलं.

ठकूबाई मटकन खाली बसली. "मला दिसत न्हाई," ती म्हणाली. "तीन वर्सं झाली. म्हून या पोरीला लवकर बसवली, तिच्या डोळ्यांवर भागवत हुते. अन् कोंडिबाची वेल कोंडिबानं न्हाई वाकडी मारली. त्यो कोपरा म्या छापला हुता. त्याला ठावं हुतं. त्यो माजं नाव राखाया गप ऱ्हायला, अन् म्या त्याला जाऊ दिलं. या पोरीला तीन वर्सात जे जमलं, ते मला साठ वर्सात जमलं न्हाई."

मग ती उठली. गोवरी तिनं पाण्यात टाकली आणि म्हणाली, "लिंबं आणा. लोखंडाचा डाग लिंबानं जातो. तुरटीबी जाईल, हिरडाबी जाईल. कोऱ्या कापडापासनं धरावं लागंल."

"तीन दिसांत?" कुणीतरी विचारलं.

"हितंच बोलत बसलात, तर तीस दिसांतबी न्हाई."

गाव पांगलं. घराघरातून लिंबं आली. परड्यातली झाडं ओरबाडून निघाली. एकानं तर दारावर दृष्टीसाठी बांधलेलं वाळकं लिंबू सोडून आणलं. ठकूबाईनं त्याचा वास घेतला आणि ते त्याच्याच अंगावर भिरकावलं. भिवरा दुपारपर्यंत कमरेइतक्या पाण्यात उभी राहून चांदवा चोळत होती. लिंबाच्या रसानं तिच्या बोटांची सालं निघाली, असं म्हणतात, पण कापड पांढरं झालं. लगेच ते हिरड्यात बुडवून वाळूवर पसरलं. इकडं ठकूबाई चाचपडत, काठी टेकत नदी ओलांडून एकटीच पलीकडं गेली. कोंडिबाच्या दाराशी ती काय बोलली ते कुणालाच माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायला भिवरानं पहिला ठसा मारला. आठ दिवसांचं काम एका दिवसात करायचं होतं. छाप उन्हातच वाळायला हवी, सावलीत पसरते. म्हणजे सूर्य बुडायच्या आत शेवटचं फूल उठायला हवं. ती ठोकत होती, सरकत होती, ठोकत होती. ठकूबाई मागून कडांवरून बोटं फिरवत होती आणि जरा ओल जास्त लागली की भिवराच्या पाठीवर टिचकी मारत होती. दुपारी एक माणूस येऊन समोरच्या कडेला बसला. त्यानं किनारीचा ठसा उचलला आणि वेल छापायला घेतली. भिवरानं वर पाहिलं. विटा वाहून त्याच्या हातांना घट्टे पडले होते, पण वेल सरळ रेषेत पुढं येत होती.

तरी दिवस पुरेना. चांदव्याचा मधला हातभर भाग कोरा राहिला आणि ऊन डोंगराच्या कडेला टेकलं. भिवराचा हात सुजून टम्म झाला होता. तिनं ठसा डाव्या हातात घेतला. आणि असं म्हणतात, की सूर्य डोंगराच्या कडेवर टेकला तो तिथंच राहिला. गुरं घरी यायची वेळ झाली, पाखरं झाडावर उतरली आणि भांबावून पुन्हा उडाली, तरी ऊन हटेना. शेवटचं फूल उठलं, त्याची ओल सुकली, आणि मगच सूर्य डोंगराआड गेला.

तिसऱ्या दिवशी भट्टी पेटली. भिवरा डोळे मिटून उभी होती. तिला बघवत नव्हतं. कोंडिबानं काठीनं कापडाचा कोपरा उचलला, आणि तो नुसता बघतच राहिला.

"अरं, सांग की मुडद्या!" आंधळी ठकूबाई ओरडली.

"लाल हाय, काकी," कोंडिबा म्हणाला आणि रडू लागला.

भिवरा पुढं चाळीस वर्षं चांदवा छापत होती. तिच्या वेळचा एक चांदवा अजून देवीच्या पेटीत आहे आणि त्याचा लाल अजून उतरलेला नाही, असं म्हणतात.

आता पळसखोरीत रंगाऱ्यांची तीनच घरं उरली आहेत, पण शहरातून मुलंमुली ठसे शिकायला येतात. चैत्रात भट्टी रचली की पेटवायच्या आधी सगळे हंड्याभोवती बसतात. याला तिथं ‘भिवराला बसणं’ म्हणतात. त्या वर्षीच्या कामात आपल्या हातून काय चुकलं ते प्रत्येकानं सांगायचं. सुरुवात सगळ्यात थोरल्यानं करायची, आणि काही चुकलं नाही असं म्हणायची त्याला मुभा नाही. मग त्याच्याहून धाकटा, मग त्याच्याहून धाकटा. शेवटी त्या वर्षी नवं आलेलं पोर उरतं. ते बहुतेक वेळा खाली मान घालून बसतं, कधी रडतं. कुणी घाई करत नाही. बोलायला त्याला दुपार लागली तर दुपारपर्यंत भट्टी थंड राहते. आणि ते बोललं, की चूक केवढी का असेना, पेटती गोवरी त्याच्याच हातात देतात.