उष्टं पुस्तक

एका गावात एक नवसाची बाई राहत होती. तिची लेक मोठी झाली तरी अक्षरांना घाबरायची. तेव्हा बाई ग्रामदेवीला नवस बोलली होती, "आई, पोर वाचू लागली, तर आळीतल्या घराघरांत नवं पुस्तक वाचलं जाईल असं करीन. नवस फिटेतो गोड तोंडाला लावणार नाही."

पोर वाचू लागली. देवीने आपलं काम चोख केलं. अडलं ते बाईचंच.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने पुस्तकांचंच वाण दिलं. कुणाला चित्रांचं, कुणाला कादंबरी, कुणाला आत्मकथन. प्रत्येकीला म्हणाली, "फार छान आहे हो, वाचाच!" बायका "हो, हो" म्हणाल्या नि गेल्या.

पुढच्या संक्रांतीला शेजारणीने बाईला वाण दिलं. बघते तर तिचीच कादंबरी! तिच्याच बोटाचं कुंकू अजून मुखपृष्ठावर होतं. सगळी आळी फिरून पुस्तक माघारी आलं होतं आणि आतली पानं जशीच्या तशी करकरीत.

बाई तणतणत घरी आली. जाऊ तिळाचे लाडू वळत होती.

"वर्षभर बिनसाखरेचा चहा ढोसतेय मी! छान आहे म्हणून सांगितलं, तरी कुणी उघडून बघू नये?"

"जाऊबाई, आहे काय त्यात?"

"छान आहे."

"ते कळलं हो. पण आहे काय?"

बाईने पुस्तक उलटंपालटं केलं. मग हळूच म्हणाली, "वाचलं नाही गं. वाण उष्टं करून कसं द्यायचं? नैवेद्याची चव घेतो का आपण?"

जाऊ खो खो हसली. "देव भावाचा भुकेला. शेजारीण आहे का तशी? मुलगी न बघता स्थळ सुचवलंत, तर कोण दारात उभं करील तुम्हाला?"

बाईला राग आला, पण बोलणं जिव्हारी लागलं. वाटलेली बाकीची पुस्तकंही मागून आणून ती वाचायला बसली. एकदा भात करपला, एकदा दूध उतू गेलं.

मग ती पुन्हा दारोदार निघाली. शेजारणीला म्हणाली, "यातली सासू लोणच्याच्या बरणीला कुलूप लावते. मला तुमच्याच सासूबाई आठवल्या. सून किल्ली कशी मिळवते, ते नाही सांगायची मी." शेजारणीने पुस्तक हिसकूनच घेतलं.

शिंपीणबाईंना म्हणाली, "यातला हत्ती अंधाराला भितो, तुमच्या धाकट्यासारखा. त्याला मांडीवर घेऊन चित्रं दाखवा."

गावच्या सुईणीला म्हणाली, "एका सुईणीनेच आपली हकिगत लिहिलीय. एक बाळंतपण मला काही खरं वाटलं नाही. तुम्हीच वाचून सांगा."

त्यापुढच्या संक्रांतीला बाई कुंकवाचा करंडा घेऊन ताटकळली. कुणी कपाळ पुढे करीना. सगळ्या त्या किल्लीवरून भांडत होत्या!

जावेने तिच्या तोंडात लाडू कोंबला. "खा आता. फिटला तुमचा नवस."

तात्पर्य: नैवेद्य न चाखता दाखवावा, पुस्तक मात्र चाखूनच पुढे द्यावं. तेव्हा ऐकणाऱ्यांनो, एवढं माझं ऐका. नुसतं "छान आहे" म्हणून पुस्तक पुढे ढकलू नका. आधी स्वतः वाचा, मग ज्याचं त्याला नेऊन द्या, आणि शेवट तेवढा पोटात ठेवा.