केरबाने जोर वाढवला

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती, तेव्हा हे सगळं सुरू झालं. निंबखेड्यात केरबा नावाचा एक भोळा माणूस राहायचा. कुणी काही सांगितलं की तो तसंच करायचा. त्याची बायको कौसा म्हणाली, "अहो, गावाची विजेची डीपी जळून दोन दिवस झाले. अंधार पडला की बाळी रडते. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही माझ्या. घरात एकच सेल आहे. त्याच्यावर दिवा लागेल असं काहीतरी भिवाअण्णांकडून करून आणा."

भिवाअण्णा आपल्या दुकानात रेडिओ दुरुस्त करायचे. केरबा गेला तसे ते म्हणाले, "एका सेलचा जोर कमी पडतो, तो वाढवायला हवा. ही तार या कड्यावर गुंडाळ. वेढ्याला वेढा चिकटून, जरासुद्धा सैल नको."

केरबाने झकास गुंडाळली.

"आता सेल दे."

"सेल घरात आहे. कौसा म्हणाली ना, घरात एकच सेल आहे."

केरबा घरी गेला. कौसा म्हणाली, "आलाच आहात तर म्हैस बांधा."

केरबाने दावं खुंट्यावर गुंडाळलं. वेढ्याला वेढा चिकटून. म्हशीचं नाक खुंट्याला टेकलं.

"अहो, जरा सैल ठेवावं!"

"बरं."

सेल घेऊन परत दुकानात. अण्णा म्हणाले, "हा डायोड. विजेला पुढे जाऊ देतो, माघारी येऊ देत नाही. धर."

केरबाने सैल धरला. डायोड अण्णांच्या चहात पडला.

"जा बाबा घरी. तासाभराने ये."

घरी सासूबाई पाणी आणायला निघाल्या होत्या. केरबाने त्यांना पुढे जाऊ दिलं. माघारी आल्या तेव्हा दाराला कडी.

"जावईबापू, हंडा डोक्यावर आहे!"

"माघारी येऊ द्यायचं नाही, मामी."

कौसा धावली. "अहो, असं बंद नाही करायचं, सतत उघडं ठेवायचं!"

"बरं."

दुकानात अण्णा म्हणाले, "हे टोक सेलला लावून बघ."

केरबाने लावलं ते लावलंच. तार तापली.

"लेका, सतत नाही! उघड-मीट, उघड-मीट केली की जोर चढतो. ते काम ही तीन पायांची टिकली, म्हणजे ट्रान्झिस्टर, करते." अण्णांनी शेवटी स्वतःच सगळं जोडलं आणि दिवा लख्ख पेटला. "सेल जपून वापर. काम झालं की दिवा बंद करायचा."

दिवेलागणीला दिवा पाळण्याशी ठेवला. बाळी बघत बघत झोपली. कौसा दोन दिवसांत पहिल्यांदा आडवी झाली. "बसा हं पाळण्याशी," म्हणाली आणि तिचा डोळा लागला.

बाळी झोपली, म्हणजे काम झालं. केरबाने दिवा बंद केला. बाळी कुरकुरली. त्याने लावला. गप्प. बंद केला. ती जरा मोठ्याने रडली. केरबा खूश झाला. जोर चढत होता! मग त्याने उघड-मीट, उघड-मीट सुरू केलं. बाळीने टाहो फोडला. शेजारची दोन पोरं उठली, म्हैस हंबरली, कुत्री भुंकली, अख्खी आळी दारात.

कौसा दचकून उठली. "अहो, काय केलंत हे?"

"अगं, एवढंसं कुरकुरत होती. ना तार, ना कडं, नुसत्या बटणावर आवाज वेशीपर्यंत पोचवला! आणि सेल जवळजवळ तसाच आहे बघ!"

तुमच्या ओळखीत कुणाकडे तान्हं बाळ असेल तर एवढा निरोप द्या: केरबा दिवा घेऊन आला, तर दिवा ठेवून घ्या, केरबाला परत पाठवा.