टिटवीचं पानी

झाडंझुडपंसुद्धा गोष्टी लिहायची, त्या काळातली ही गोष्ट. देशभरातल्या पाखरांची कथास्पर्धा होती आणि अंतिम फेरीतल्या पाच कथा परीक्षक पोपटराव वाचत बसले होते. चार कथा त्यांनी डुलत डुलत वाचल्या. पाचवी माळावरच्या टिटवीची होती. तिच्यातलं तहानलेलं पिल्लू ‘पानी, पानी’ करत मरतं. ती कथा पोपटरावांनी दोनदा वाचली. मग त्यांनी टिटवीला बोलावून घेतलं.

“‘पानी’चं ‘पाणी’ करा, पहिलं बक्षीस तुमचंच.”

“पिल्लू माझंच व्हतं, रावसाहेब. मरताना त्याला तुमचा ‘ण’ कुठनं सुचावा?”

“अहो, पण ही अख्ख्या देशाची स्पर्धा आहे!”

टिटवीनं आपली कथा उचलून पंखाखाली घेतली.

“मग आमचा माळ काय देशाच्या भायेर हाय?”