खाणीतले आजोबा

फार फार पूर्वी, डोंगरांना अजून मालक नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि त्या डोंगराच्या पोटात तांब्याची खाण होती. माणसे सकाळी दिवट्या घेऊन आत जात, हिरवट दगड फोडून टोपल्यांतून बाहेर आणत आणि भट्टीत वितळवून त्याची भांडी करत. खाणीच्या जिवावर गाव दोन वेळा पोटभर जेवत होते.

खाण पहिल्यांदा खोदणाऱ्यांनी मधोमध एक जाड खांब न फोडता तसाच ठेवला होता. सगळे छत त्याच्यावर तोललेले होते. त्या खांबात तांबे मात्र ठासून भरलेले. पुढच्यांना मोह पडू नये म्हणून जुन्या लोकांनी त्याला नाव दिले ‘आजोबा’. आजोबांवर हातोडा कोण चालवणार? आत जाताना जो तो खांबाला हात लावून नमस्कार करी.

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण माणसाला नुसता नमस्कार पुरत नाही, त्याला प्रसादही लागतो. कुणा एकाने मुलीच्या लग्नात आशीर्वाद म्हणून खांबाचा लहानसा टवका काढला आणि तिच्या कलशात वितळवून घातला. मुलगी सुखाने नांदली. मग काय, प्रत्येक लग्नाला टवका हवाच. पुढे बारशालाही हवा, नव्या घरालाही हवा. टवका काढणारा आधी आंघोळ करी, खांबाला हळदकुंकू वाही, हात जोडी आणि मग छिन्नी लावी. चोरी कुणीच केली नाही, हे अगदी खरे.

अशा पिढ्या गेल्या. रायाजी नावाचा माणूस खाणीचा मुकादम झाला. त्याच्या एकुलत्या एका मुलीचे, म्हाळसाचे, लग्न ठरले होते. एके दिवशी तो खांबापाशी उभा असताना वरून त्याच्या पागोट्यावर माती पडली. त्याने खांबाला मिठी मारून पाहिली, तर दोन्ही हात पलीकडे सहज जुळले. टवक्याटवक्याने आजोबा झिजले होते.

घरी येऊन त्याने मुलीला सारे सांगितले.

“बाबा, मग मला टवका नको,” म्हाळसा म्हणाली. “छत खाली आलं तर गावानं खायचं काय?”

“आणि सासू काय म्हणेल? आशीर्वादाशिवाय आलेली सून म्हणून जन्मभर टोमणे मारील.”

“मारू दे. मी ऐकून घेईन.”

“माझ्याच पोरीनं का म्हणून ऐकून घ्यायचं?” रायाजी कळवळून म्हणाला. “आजवर कुणाच्या पोरीला नाही म्हटलंय? तुझं लग्न होऊ दे, मग मी स्वतःच बंदी घालतो.”

वाईट नव्हता हो तो. बापाची माया होती, आणि मायेला उद्याची बंदी नेहमीच सोपी वाटते.

त्याने टवका काढला. अगदी नखाएवढा.

लग्नाच्या दिवशी सारा गाव मांडवात होता. अक्षता पडत होत्या, तोच डोंगर आतून घुमला, जमीन हादरली आणि खाणीच्या तोंडातून धुळीचा लोट बाहेर आला. खाण बसली होती. आत कुणी नव्हते म्हणून माणूस एकही दगावला नाही, एवढीच देवाची कृपा.

“रायाजीनं घात केला!” कुणीतरी ओरडले.

रायाजीने मान खाली घातली. “शेवटचा टवका माझा,” तो म्हणाला. “पहिला कुणाचा होता?”

आजोबांचा थोडा थोडा आशीर्वाद प्रत्येकाच्या घरात होता.

भट्ट्या थंड पडल्या. हातपाय धड असलेली माणसे पोटासाठी परमुलखात गेली. जी मागे राहिली, ती डोंगरउतारावर नाचणी पेरू लागली.

पहिल्या सणाला म्हाळसा माहेरी आली, तर निम्म्या दारांना कड्या होत्या. भेटायला एकही मैत्रीण उरली नव्हती. रायाजीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. “पोरी,” तो म्हणाला, “तुला आशीर्वाद दिला, आणि तुझं माहेर घालवलं.”

तात्पर्य: ज्याच्या आधारावर आपण उभे असतो, तो पुजल्याने टिकत नाही, राखल्याने टिकतो.