पुढच्या मार्गशीर्षातले तारे

“...म्हणजे पुढचंच वर्ष धरायचं. बरोबर ना, बुवा?”

टेकडीवरच्या मठात चिद्‌घनबुवांपाशी आकाशाचं गणित शिकण्यात गदाधरची बरीच वर्षं गेली होती. आता ते आपल्याला बुवांपेक्षाही बरं जमतं, असं त्याचं मत होतं. मनातल्या मनात, अर्थात. तेवढी अक्कल त्याला होती.

घरून निरोप आला होता, वडिलांची दृष्टी चालली आहे. ती पुरती जाण्याआधी त्यांना एकदा उल्कावर्षाव दाखवायचा, एवढाच ध्यास त्याने घेतला होता.

“यंदा वर्षावाच्या ऐन भरात पौर्णिमा येते,” तो म्हणाला. “चांदण्यात काय दिसणार, कपाळ? पुढच्या मार्गशीर्षात मात्र पहाटेपर्यंत चंद्र नाही. आकाश काळंभोर. बाबा बघतच राहतील!”

“तोवर त्यांना दिसेल?”

“वैद्य म्हणतात...” गदाधर अडखळला. “सांगता येत नाही म्हणतात.”

“आणि आज?”

“आज कोर लवकर मावळेल खरी. पण आज कुठला वर्षाव? जागत बसलं तर एखाददुसरा तारा तुटायचा. तेवढ्यासाठी म्हाताऱ्या माणसाला थंडीत कुडकुडत बसवायचं?”

बुवा त्याच्याकडे नुसते बघत राहिले.

“मी इकडे यायला निघालो तेव्हा बाबा सगळ्यांदेखत हसले होते, बुवा. तारे मोजून पोट भरणार का, म्हणाले. आता एकच तारा दाखवला तर पुन्हा हसतील.”

आता कुठे खरं पोटातून ओठावर आलं.

बुवांसमोर परडीत लाह्या होत्या. त्यांनी मूठ भरून घेतली.

“झेल.”

“थांबा, उपरणं पसरतो. एकही लाही सांडायची नाही.”

गदाधरने उपरणं काढलं, झटकलं. एक टोक दुमडलं होतं, ते सरळ केलं. मग मोठ्या ऐटीत त्याने वर पाहिलं.

अंगणभर लाह्या सांडल्या होत्या. चिमण्या उतरल्यासुद्धा होत्या.

“आपण थांबला नाहीत,” तो हिरमुसून म्हणाला.

“नाही.”

...

चिमण्या टिपत होत्या. गदाधर रिकामं उपरणं धरून उभा होता. भिंत चाचपत ओसरीवर येणारे वडील त्याच्या डोळ्यांपुढे आले आणि त्याला भडभडून आलं.

त्याने उपरणं घडी करून खांद्यावर टाकलं.

“पण बुवा...” अखेर त्याने विचारलं, “आज रात्री एकही तारा तुटला नाही तर?”

बुवांनी कोपऱ्यातली त्याची काठी आणून त्याच्या हातात दिली.

“आत्ता निघालास तर दिवसाउजेडी पोचशील. तुझं तोंड दिसेल त्यांना.”