पाटीवरची ओळ

“मग आता त्याला कुठे लपवू, आक्का, म्हणजे तो मारणार नाही?”

“कोण मारतो?”

“फोन. माझ्या ॲपला.”

आक्का तांदूळ निवडत राहिल्या. टेकडीवरच्या या मठाच्या त्या गुरू. त्याआधी बत्तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर. म्हणून तर मी त्यांच्याकडे आले होते.

माझी दहा महिन्यांची रेवा माझ्या आवाजातल्या अंगाईशिवाय झोपत नाही. सोमवारी मला कामावर रुजू व्हायचं. म्हणून मीच एक ॲप लिहिलं. मी नसले तरी फोन गाईल. पण स्क्रीन काळी झाली, की थोड्या वेळात फोन ॲपच बंद पाडतो. अंगाई तुटते, आणि रेवा सासूबाईंना आवरत नाही.

“काय काय केलंस?”

“मागे ऐकू न येणारा मुका आवाज चालू ठेवला. ॲप मेलं की आपोआप उठेल, अशी युक्ती केली. कुणाला पत्ता लागू दिला नाही!” हे मी जरा ऐटीत सांगितलं. ऑफिसात मला हुशार समजतात, निदान समजायचे.

“दुपारी मंडपात बसून दाखव. येसबाने उठवता कामा नये.”

दुपारी मठ बंद होतो. येसबा सेवेकरी सगळ्यांना बाहेर काढून झाडायला घेतो.

मी रेवाला घेऊन खांबामागे बसले. येसबाने बाहेर काढलं.

मागच्या दाराने आले. काढलं.

नगाऱ्याआड दडले. कडेवरची रेवा खुदकन हसली...

“ताई, लेकुरवाळ्या बाईला शोभतं का हे?” येसबा म्हणाला.

“आक्का, त्याला सांगा ना काहीतरी!”

आक्कांनी नुसतं बोट केलं. दाराशी पाटी टांगलेली होती. ‘दुपारी आत कोण, कशासाठी.’ खाली एकच ओळ : ‘आक्का. तांदूळ निवडते.’

गुरूंनीसुद्धा नाव लिहिलं होतं...

मी खडू घेतला. ‘केतकी. लेकीला निजवते.’

येसबा आला. पाटी वाचली. मला वळसा घालून झाडत पुढे गेला.

मी तिथेच लॅपटॉप उघडला. सगळ्या युक्त्या पुसल्या. एकच गोष्ट घातली : गाणं चालू आहे तोवर फोनच्या दर्शनी भागावर सूचना. ‘अंगाई चालू आहे.’ शेजारी बंद करायचं बटण, उघडं.

खांबांना झोळी बांधली. रेवाला ठेवलं. स्क्रीन काळी झाली.

दहा मिनिटं... वीस... तास झाला. फोन गातोय! दीड तास! रेवाची मूठ सैल सुटलेली. मी ओरडू नये म्हणून ओढणी तोंडात कोंबली.

“आक्का,” मी कुजबुजले, “जमलं! आता नाही कुणी मारत याला!”

आक्का हसल्या. सूप उचललं, दाराशी गेल्या आणि पदराने आपली ओळ पुसली.

“तांदूळ झाले माझे,” त्या म्हणाल्या.

झोळी हलली. रेवा टकमक बघत होती. फोन गातच होता, ‘अंगाई चालू आहे’ ही सूचनाही तशीच.

“पोर उठली गं. जा, पाटी पुसून ये.”