गावाने दिलेला धर्मगुरू

एक वृद्ध धर्मगुरू समुद्रकाठच्या एका सेमिनरीत तरुणांना गुरुपदासाठी घडवीत असत. फादर जोकिम त्यांचे नाव. त्यांच्या शिष्यांमध्ये इनास सर्वांत गुणी. वाचन अफाट, गळा गोड, आणि आजाऱ्याच्या उशाशी शांतपणे बसून राहण्याचा संयम तर उपजतच.

त्याच किनाऱ्यावरच्या इनासच्या गावात चर्च जुने होते, भाविकही पुष्कळ. पण वस्तीला धर्मगुरू नव्हता. रविवारी शेजारच्या गावचे फादर घाईघाईने मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, करीत आणि निघून जात. "आपला इनास आला की ही ओढाताण संपेल," असे सारे गाव म्हणे. त्याची विधवा आई नातालीनही तेच म्हणे. खरे सांगायचे तर इनासनेही मनात तेच धरले होते.

इनासला धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली, त्या दिवशी गावच्या चर्चसमोर मांडव घातला होता. जेवणाच्या वेळी बिशपांनी त्याची नेमणूक सांगितली. दुसऱ्या राज्यातील एका डोंगराळ भागात त्याने जायचे होते. तिथली भाषा त्याला येत नव्हती, आणि तिथल्या मूठभर ख्रिस्ती कुटुंबांपाशी कोणी धर्मगुरू कधी राहिला नव्हता. शिफारस फादर जोकिम यांची होती.

चर्चच्या प्रत्येक कामात पुढे असणारे बागायतदार रेमंड मच्याडो अर्ध्या ताटावरून उठले.

"फादर, आमच्याच चर्चला माणूस नाही आणि आमचा मुलगा तुम्ही परक्यांना देता? हा कुठला न्याय?"

"रेमंडभाऊ, हे माझं मागणं आहे," फादर जोकिम म्हणाले. "गाव नको म्हणालं तर बिशप नेमणूक बदलतील. तसा शब्द मी घेतला आहे."

सगळ्यांच्या नजरा नातालीनकडे वळल्या. तिने पदराने तोंड पुसले. "मी त्याला देवाला दिला, तेव्हा कुठे ठेवायचा ते सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. "जाऊ दे त्याला."

रेमंडभाऊ खाली बसले. पण पुन्हा ताटाला हात लावला नाही.

संध्याकाळी इनास गुरूंकडे गेला. त्याचा चेहरा उतरलेला होता. "फादर, मी कुठे कमी पडलो?"

"कमी पडला असतास, तर तुला घराजवळच ठेवलं असतं." एवढेच बोलून वृद्ध गुरूंनी त्याच्या मस्तकावर हात ठेवला.

डोंगरातले पहिले दिवस कठीण गेले. त्याचे प्रवचन लोक आदराने ऐकत; पण कळत कोणालाच नसे. मग एका पाड्यावर म्हातारा वारला. सांत्वनाचा एकही शब्द इनासजवळ नव्हता. त्याने कुदळ घेतली आणि घरच्या माणसांबरोबर खड्डा खणू लागला. हाताला फोड आले तरी थांबला नाही. त्या दिवशी त्या घरच्यांनी त्याला जेवायला बसवले आणि त्याच्या आईचे नाव विचारले. भाषा तो तिथून पुढे शिकला: चुलीपाशी, भातलावणीच्या चिखलात. लोक आता भांडणे घेऊन येत, लेकरांची नावे ठेवायला येत. तरी आपल्या गावात कोण असेल, ही रुखरुख त्याला सोडीत नसे.

दोन वर्षांनी तो सुट्टीवर घरी आला. चर्चमध्ये पाऊल टाकले, तो वेदीपाशी स्वतः फादर जोकिम मिस्सा करीत होते.

"तू गेलास त्याच्या दुसऱ्याच रविवारी आले," आईने घरी सांगितले. "सेमिनरी तरुण फादरांकडे सोपवली आणि ट्रंक घेऊन इथे राहायला आले. तुला कळवू नका, असं बजावलं होतं त्यांनी. पण गुडघे चालू देत नाहीत त्यांना. म्हणून आजाऱ्यांकडे रेमंडभाऊ मिस्सातला पवित्र प्रसाद घेऊन जातात, आम्ही बाया मुलांना धर्मशिक्षण देतो. पूर्वी आम्ही नुसती फादरांची वाट बघत बसायचो."

इनास धावतच गुरूंकडे गेला. "फादर, या वयात हे कष्ट? मलाच इथे ठेवायचं होतं."

फादर जोकिम हसले. "तुला इथे ठेवलं असतं तर गावाला एक चांगला फादर मिळाला असता आणि गाव होतं तसंच राहिलं असतं. इनास, कोणीतरी आपलं घर सोडून आलं, म्हणून या किनाऱ्याला श्रद्धा मिळाली. तेव्हापासून आपण घेतच आलो. जे चर्च कोणालाच बाहेर पाठवत नाही, ते कितीही भरलेलं असलं तरी वयात आलेलं नसतं. आपल्याकडेही देण्यासारखं काही आहे, हे या लोकांना तू गेल्यावर कळलं. मग आपल्या हातांनी काय काय करता येतं, तेही त्यांनी करून पाहिलं. मी तुला एवढ्यासाठीच घडवलं होतं."

इनासने वाकून गुरूंचा हात कपाळाला लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेमंडभाऊ इनासच्या घरी आले. ओट्यावर टेकले, जरा घुटमळले.

"तिकडे प्रार्थनेला छप्पर आहे का, फादर?"

"नाही. झाडाखाली बसतो."

"आम्ही चौघं येतो भातकापणीनंतर. भिंती उभ्या करून देऊ." मग थोडे संकोचून त्यांनी विचारले, "कोणाच्या दारात गेल्यावर ते लोक काय म्हणतात, ते आधी शिकवा."

इनासने तो शब्द सांगितला. रेमंडभाऊंनी तो दोनदा चुकवला, मग नीट म्हटला. आतमध्ये भाकरी थापता थापता नातालीनही तो हलकेच म्हणून पाहत होती.